गॅरेजातला उंदीर

गाडी आधी आली, गाडीमागून गॅरेज आलं आणि गॅरेजमागून तो आला. तो म्हणजे सेफ्टी स्विच. मीटरच्या पेटीत बसणारा, पांढरा, जेमतेम चार बोटं रुंद. अंगानं एवढासा, पण रुबाब असा की नवा जावई त्याच्यापुढं बरा. गॅरेजमधला दिवा लावला की हा 'खट' म्हणायचा आणि सगळं घर ठप्प. पंखा बंद, फ्रिज बंद, मिक्सरमधलं शेंगदाण्याचं कूट अर्धवट, टीव्हीवरची सासू वाक्याच्या मध्यावर गप्प.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून गाडीनं वीस मिनिटांवर. मुलं शिकायला बाहेर गेलेली, त्यामुळं घरात आम्ही तिघंच: मी, बायको आणि माझे वडील. त्यांना मीच काय, सगळं गाव आबा म्हणतं. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. गावात कुणाचं लग्न असो, सत्कार असो, माइक फिरून फिरून माझ्या हातात येतो, आणि एकदा आला की लवकर सुटत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढं जे झालं ते या सवयीपायीच झालं.

आबा सिद्धेश्वरच्या धरणावर वायरमन होते. नोकरी सुटून जमाना झाला, पण काम सुटलं नाही. गावातल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्यांच्या हातचं. शहात्तर वर्षांचे झाले, एक कान गेला, गुडघे गेले, आई गेली. राहिली फक्त एक गोष्ट. सकाळी कुणीतरी फाटकाशी उभं राहून हाक मारायचं, "आबा, पंखा आवाज करून राहिला, जरा बघता का?" आणि आबा आतून ओरडायचे, "आलो, आलो! हात लावू नका!" त्या हाकेवर त्यांचा दिवस चालायचा. ज्या दिवशी हाक यायची नाही त्या दिवशी जेवणात मीठ कमी निघायचं, माझ्या गाडीचा हॉर्न कर्कश निघायचा आणि देशाचं वाटोळं झालेलं असायचं.

मला मात्र त्यांनी त्या कामातून लहानपणीच बाद केलं होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. लाल वायर धर म्हणाले आणि मी काळी धरली. कानाखाली अशी बसली की दोन्ही रंग एक झाले. "याच्या हाताला लाइट कळत न्हाई," असं त्यांनी आईला सांगितलं आणि विषय मिटवला. पुढं गावातल्याच एका पोराला त्यांनी हाताखाली घेतलं, शिडीवर चढवलं, बोर्ड भरायला शिकवलं. आज बाळापूरला त्याचं पाण्याच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे, चाळिशी ओलांडलेला गडी आहे, आणि अजूनही आबांसमोर आला की पायातली चप्पल काढतो. तो त्यांना उस्ताद म्हणतो. जे प्रेम माझ्या वाट्याला यायला हवं होतं ते कुठं गेलं याचा पत्ता मला असा घरबसल्या मिळालेला होता.

आबांचं नाव कशामुळं झालं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. आखाड्यावर मोटारीसाठी खांबावरून तीन तारा येतात, पण घरासारखी परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, येत नाही. मग तिथं दिवा लावायचा कसा? आबा जमिनीत लोखंडी रॉड ठोकायचे, भोवती कोळसा आणि मीठ भरायचे, वर बादलीभर पाणी ओतायचे. दिव्याचं एक टोक खांबाच्या तारेला, दुसरं रॉडला. जमीन हीच परतीची वाट. दिवा लख्ख पेटायचा आणि शेतकरी आबांकडं असं बघायचा, की यांनी आत्ताच सूर्य बांधून आणला.

हीच तऱ्हा शेतातून गावात आली. एकदा गावात खांबावरचा न्यूट्रल तुटला आणि घरोघरचे टीव्ही, बल्ब फटाफट उडाले. आबांनी वायरिंग केलेली घरं तेवढी वाचली, कारण त्यांनी घरामागच्या रॉडची साथ घेतली होती. तेव्हापासून लोक त्यांच्याकडून तसंच करून घ्यायला लागले. संध्याकाळी दिवा मंद झाला की घरातली बाई उठायची, रॉडवर बादली रिकामी करायची आणि दिवा उजळायचा. आमच्या गावात तुळशीइतकंच पाणी रॉडला पडलेलं आहे.

गॅरेज बांधलं तेव्हा वायरिंग कोण करणार, हा प्रश्नच आला नाही. आबा स्टुलावर चढले. मी स्टूल धरायला गेलो तर म्हणाले, "हालवू नको. एवढं तरी येतं का बघ." दोन दिवसांत काम केलं. भिंतीवर वायरींची पट्टी इतकी सरळ ठोकली, की मिस्त्रीनं बांधलेली भिंत तिच्यापुढं वाकडी दिसावी. दिवा लावला, बटण तीनदा खालीवर केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "झालं."

वर्षभर सगळं ठीक होतं. बायको मात्र अधूनमधून म्हणायची, "अवो, शटर उघडताना हाताला मुंग्या येऊन राहिल्या."

"मागं रॉडवर पाणी घाल," आबा आतून सांगायचे. ती पाणी घालायची, मुंग्या जायच्या. मी म्हणायचो, लग्नाला तीस वर्षं होत आली, अजून तुला कशाच्या तरी स्पर्शानं मुंग्या येतात हे चांगलंच आहे. ती हसायची नाही. मी माझ्यापुरता हसायचो.

मग ती माहेरी हट्ट्याला गेली आणि तिथं भावाच्या घरी तिनं शॉक बसायच्या आत लाइट तोडणारा हा सेफ्टी स्विच पाहिला. आल्या आल्या बाळापूरला फोन केला. आबांचा शिष्य आला, स्विच बसवून गेला. त्याच संध्याकाळी मी गॅरेजमधला दिवा लावला आणि खट.

तिघांची तीन मतं झाली. बायकोचं मत, गॅरेजमध्ये काहीतरी भानगड आहे. आबांचं मत, "डबी खराब हाय." माझं मत कुणी विचारलं नाही. डबी बदलली. खट. आबा म्हणाले, बाळापूरचा मालच तसला. हिंगोलीहून तिसरी आणली. तिनं तर दोघींपेक्षा जोरात खट केलं.

"काढून टाक ती," आबा म्हणाले. "सरळ जोड. एक वर्ष चाललं न बिनतकलीफ? काल आलेली वस्तू सगळ्यांना शिकवून राहिली."

"ती डबी निघाली तर मी बी निघते हट्ट्याला," बायकोनं स्वयंपाकघरातून जाहीर केलं.

दोन्हीकडच्या तोफा माझ्या डोक्यावरून चाललेल्या. बरं, त्या स्विचचाही एक स्वभाव होता. गॅरेजात मोबाइल चार्जिंगला लावला तर कधी गप्प बसायचा, कधी उडायचा. बोर्डावरचा बारका लाल दिवा त्याला चालायचा. बल्ब मात्र खपायचा नाही. आठ दिवस आम्ही गॅरेजात मोबाइलच्या उजेडात वावरलो. शेवटी मीच पुन्हा बाळापूरला फोन केला.

शिष्य रविवारी दुपारी आला. चप्पल काढली, आबांच्या पाया पडला आणि कामाला लागला. पेटीतली सगळी छोटी बटणं खाली पाडली, मोठा स्विच वर केला. टिकला. मग एकेक बटण वर घेत गेला. स्वयंपाकघर, टिकला. बैठक, टिकला. न्हाणी, टिकला. गॅरेज. टिकला!

"बघ!" आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "काहून म्हणत होता वायरिंग खराब, आं?"

मी काहीच म्हणालो नव्हतो.

शिष्यानं गॅरेजात जाऊन दिवा लावला. खट. बल्ब बदलून लावला. खट. बल्ब काढून नुसतं बटण दाबलं. शांत. पुन्हा बल्ब लावला. खट. हे त्यानं चार वेळा केलं, आणि दर वेळी त्याचा चेहरा जरा जास्त पडत गेला. मग बोर्डाकडं बघत बसला. थोड्या वेळानं अगदी गोड आवाजात म्हणाला, "उस्ताद, च्या मिळंल का? तुमच्या हातचा पाहिजे."

आबा उठले. चहाच्या बाबतीत ते सुनेवरही विश्वास ठेवत नाहीत. ते आत गेल्याबरोबर हा गडी मला म्हणाला, "भाऊ, बॅटरी धरा," आणि भराभर बोर्डाचे स्क्रू काढले. झाकण बाजूला झालं. आत एक लाल वायर, एक हिरवी. परतीची काळी नाहीच. तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"न्यूट्रलच न्हाई इथं," तो हळूच म्हणाला. "उस्तादांनी मागच्या रॉडवर चालवलंय. घरातून लाइट येते न् जमिनीत जाते. डबी वाट बघते परत यायची. येत न्हाई म्हणून उडते. डबी खरं बोलून राहिली, भाऊ."

मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. चाळीस-बेचाळीस वर्षं कानाखाली एक आवाज घेऊन फिरत होतो, तो त्या क्षणी थांबला. लाल-काळीतला फरक मला कळत नव्हता म्हणून मार खाल्ला, आणि या माणसानं काळी घातलीच नव्हती! मी तोंडावर हात ठेवून हसायला लागलो.

"हसू नका," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्याशी कडक बोलला. "शटरचं अर्थिंग बी त्याच रॉडला हाय. वहिनी रोज त्याला हात लावतेत. रॉड पुरता सुकला असता, तर मुंग्यांवर निभावलं नसतं."

माझं हसू गेलं. म्हणजे गेलं असं मला वाटलं. खरं तर ते आत जाऊन बसलं.

मग त्यानं हात चालवायला घेतला. पिशवीतून काळी वायर काढली, आबांचीच पट्टी अलगद उघडली, तिच्यातून वायर पेटीपर्यंत नेली, पट्टी पुन्हा होती तशी दाबून बसवली. रॉडची हिरवी वायर दिव्यावरून काढून फक्त शटरसाठी ठेवली. आत चहाचं आधण उकळायच्या आधी सगळं झालं. इतकी सफाई पाहून मी विचारलं, "पहिल्यांदा करत नाहीस हे?"

तो पक्कड पिशवीत टाकत म्हणाला, "जुन्या घरात कुणी मोटरीला बोलावलं, पंख्याला बोलावलं, तर जाता जाता हे पण बदलतो. किती वर्षं झाली, करून राहिलो."

"आणि लोकांना काय सांगतोस?"

"उंदीर म्हणतो."

आबा चहा घेऊन आले. त्यानं दिवा लावला. दिवा लागला, घर चालू राहिलं, टीव्हीवरची सासू बोलत राहिली.

"काय निघालं?" आबांनी विचारलं.

"उंदीर, उस्ताद. पट्टीच्या वरच्या तोंडातून शिरला. लाल वायर सोलली होती त्यानं, अर्थिंगला टेकून राहिली होती."

आबांनी कप तसाच धरला. पट्टीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळले आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की काय सांगू! "हरभऱ्याची पोती कोण ठेवलं इथं? गॅरेज हाय का गोदाम? उंदीर न्हाई येणार तर काय हत्ती येणार?" अर्धा तास माझी हजेरी घेतली. शिष्य खाली मान घालून चहा पीत होता. मीही खाली मान घातली. एवढं मी केलं, हे माझ्या नावावर लिहून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी आबांनी पिंजरा आणला. त्यात भाकरीचा तुकडा तेलात बुडवून अडकवला. आणि पाहा, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यात खरोखरच एक उंदीर! निष्पाप, मिशा थरथरवत बसलेला, ज्याचा आणि विजेचा काडीचा संबंध नाही. आबांनी पिंजरा हातात धरून गल्लीत दाखवला. "हाच तो. तीन डब्या खाल्ल्या यानं माझ्या पोराच्या." मग पाटाच्या पलीकडं जाऊन सोडून आले. त्या आठवड्यात त्यांना चार हाका आल्या. जेवणात मीठ बरोबर होतं.

आता मला सांगा, असला उंदीर माझ्यासारख्या माणसाच्या पोटात किती दिवस राहील? चार महिने राहिला. शाळेत, वर्गात, हॉटेलात चहा पिताना तो ओठापर्यंत यायचा, मी गिळायचो. बायकोला सांगितला तर ती म्हणाली, "हे तुमच्यापाशीच ठेवा. कुठं बोललात तर याद राखा." मी शपथ घेतली. ती घेताना मला ठाऊक होतं, की गोष्ट तयार आहे, फक्त माणसं जमायची बाकी आहेत.

माणसं जमली शेजारच्या मुलीच्या हळदीला. मांडव दोन्ही अंगणांत मिळून घातला होता. भर दुपार, बायका तिकडं मुलीभोवती, आणि गडीमाणसं सावली म्हणून आमच्या गॅरेजात. गाडी बाहेर काढली होती, सतरंज्या टाकल्या होत्या. पंचवीसेक जण असतील. आबा खाटेवर, त्यांच्या पायाशी त्यांचा शिष्य. मांडववाल्यानं लायटिंगची वायर आमच्या बोर्डात खुपसायच्या आधी सहज विचारलं, "गुरुजी, हितं ट्रिप मारत न्हाई न?"

मी बायकोकडं पाहिलं. ती पलीकडं हळद लावत होती. मी शिष्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, नको म्हणून, अगदी थोडी. मी पाहिली. पाहिली नाही असं म्हणायची सोय मला नाही.

आणि मी सुरू झालो. आधी स्विच झालो, छाती काढून, गाल फुगवून. "खट!" माणसं हसली. मग बायको झालो, माहेरी निघालेली. मग तिन्ही डब्या झालो, एकीपेक्षा एक ठसकेबाज. मग आबा झालो, मांडीवर थाप मारणारे, "बघ!" मला वाटतं मी इतका चांगला कधीच झालो नाही. पाठीमागून कुणी तरी म्हणालं, "पुढं, गुरुजी, पुढं!" मग मी शिष्य झालो, आबांना चहाला पाठवणारा, बोर्ड उघडून कपाळाला हात लावणारा. मग काळी वायर, जी नव्हतीच. मग उंदीर, जो नव्हताच. आणि शेवटी पिंजरा हातात घेऊन गल्लीत मिरवणारे आबा! गॅरेजच्या पत्र्याला हादरे बसतील असं हसू. डोळे पुसत होते लोक. आबाही हसत होते. खरंच हसत होते. एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं कळायला त्यांना इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण समोर बसलेला एक जण हसता हसता म्हणाला, "अरे, दोन वर्षामागं आमच्याकडं बी असाच उंदीर निघाला होता की!"

"आमच्या बी!" दुसरा म्हणाला. "मोटर बघायला आला होता हा, न् म्हणे उंदीर."

"आमच्या न्हाणीतला..." तिसऱ्यानं सुरुवात केली आणि तो मध्येच थांबला.

मी जन्मभर माणसं हसवली आहेत, पण हसू मरताना त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. ते एकदम थांबत नाही. एकाचं थांबतं, मग त्याच्याकडं बघून दुसऱ्याचं. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरात फिरत होता, भिंतीवरची पट्टी बघत होता, मागच्या रॉडपर्यंत जाऊन येत होता. मग सगळ्यांनी एकदम आबांकडं पाहिलं, आणि एकदम दुसरीकडं.

आबांनी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला. "किती घरं?" त्यांनी विचारलं.

तो सतरंजीची घडी सरळ करू लागला.

"किती घरं बदलली रे?"

"उस्ताद," तो म्हणाला, "उंदीरच होता."

पलीकडून बायकांचं गाणं चालूच होतं. मांडववाल्यानं हळूच वायर खुपसली, रंगीत माळा लागल्या. आबा उठले, टोपी नीट केली, यजमानाला म्हणाले, "हळद चांगली झाली," आणि गॅरेजच्या बाजूच्या दारानं घरात गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "आबा, गंमत केली. मनावर घेऊ नका."

"चांगलं सांगितलंस," ते म्हणाले. "माणसं हसली. तुझ्या हाताला तेच कळतं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

गावानं त्यांना एक वावगा शब्द बोलला नाही. गाव तसं सभ्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी माणसं आलीच, नेहमीपेक्षा जास्त आली, फक्त त्यांनी मला हाक मारली. "गुरुजी, त्या बाळापूरवाल्याचा नंबर देता का? एकदा सगळं घर बघून घ्यावं म्हणतो." आबा ओट्यावर असले तर आवाज खाली जायचा. कुणी जाता जाता त्यांनाही बोलायचं, "आबा, आता आराम करा. लय केलं तुमी." आराम या शब्दात किती विष मावतं हे मराठी शिकवणाऱ्या मला त्या महिन्यात कळलं. पोरं पिंजरा म्हणून खिदळायची, ती बरी होती. निदान ती त्यांच्याकडं बघून खिदळायची.

बायको माहेरी गेली नाही. तिनं माझ्याशी बोलणं तेवढं कमी केलं. "लोकांच्या घरचा धोका तरी टळला," असं मी एकदा तिला म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तो टळतच होता. तुमच्याशिवाय टळत होता."

शिष्य एकदाच आला. अंगणात उभा राहिला, चप्पल काढली. आबा बाहेर आले आणि म्हणाले, "या साहेब. बसा. काय घेता तुमी?" ज्याला त्यांनी शिडीवर चढवला, ज्याच्या पाठीत धपाटे घातले, त्याला! त्याचे डोळे भरले. बसला नाही. फाटकापाशी मला म्हणाला, "भाऊ, तुमी मला दोन थपडा मारल्या असत्या तर चाललं असतं. माझा उस्ताद नेला तुमी." तेव्हापासून त्याचा फोन मी लावतो तेव्हा वाजत राहतो.

आता दिवाळीनंतर समोरच्या घरानं वर मजला चढवायला घेतला. त्या घराचं वायरिंग मुळात आबांनी केलेलं. बांधकाम वायरिंगपर्यंत आलं त्या सकाळी मी दाढी करत खिडकीत उभा होतो. हिंगोलीहून आलेली दोन माणसं भिंतीवर खडूनं रेघा मारून मशीननं वायरींसाठी खाचा पाडत होती. आबा ओट्यावरून उठले, काठी न घेता रस्ता ओलांडला आणि त्या घराच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. नुसते उभे राहिले.

घरमालकानं पाहिलं. चांगला माणूस. धावत आत गेला, प्लॅस्टिकची खुर्ची आणली, टॉवेलनं पुसली आणि अंगणात, धूळ येणार नाही अशा जागी ठेवली. "आबा, बसा, बसा." त्याची बायको बशीत कप ठेवून चहा घेऊन आली. त्या घरात आबांनी आजवर चहा प्यायला तो शिडीवर, पक्कड काखेत दाबून, घाईघाईत. बशी त्यांना कुणी कधी दिली नव्हती.

आबा बसले. बशीत चहा ओतून सावकाश प्याले.

"साखर बराबर हाय न, आबा?" बाईनं विचारलं.

"बराबर हाय," आबा म्हणाले.

वरून मशीनचा आवाज येत होता. घरमालक दोनदा वर जाऊन आला, दोन्ही वेळा आबांकडं बघून हसला. चहा संपला, बाईनं कप उचलून नेला, आणि आबा तसेच बसून राहिले, पाहुण्यासारखे, रस्त्याकडं तोंड करून.